नागपूरच्या उन्हात जुनी नाईन-इलेव्हन टिकेल का? वापरणाऱ्यांचे आणि दुरुस्त करणाऱ्यांचे अनुभव हवेत

फुटाळ्याची_पहाट

नमस्कार मंडळी. नववीत असताना सदरच्या रद्दीवाल्याकडून आणलेल्या एका परदेशी मासिकात पोर्श ९११ चा फोटो पाहिला होता. तो कापून कंपासपेटीच्या झाकणाला आतून चिकटवला. आज वय एकेचाळीस. घराचं कर्ज मागच्या दिवाळीत फिटलं, आणि आता सेकंडहँड ९११ घेण्याइतकी तयारी झाली आहे. ९९१ पिढीतली बघतोय, म्हणजे २०१२ ते २०१९ मधली.

घर धरमपेठेत, पार्किंग बेसमेंटमध्ये. रोज ऑफिसला नेणार नाही, पण झाकून ठेवायलाही घेत नाहीये. आठवड्यातून दोन फेऱ्या, महिन्यातून एकदा समृद्धीवर किंवा चिखलदऱ्याला.

घरच्यांना किंमत सांगितली तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला: "बंद पडली तर इथे कोण बघणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. नेटवर वाचायला गेलो तर कुठे लिहिलंय इंजिन फुटतं, कुठे लिहिलंय वीस वर्षं काही होत नाही. दोन्ही लिहिणारे थंड देशांतले. मला नागपूरचं उत्तर हवं आहे. ४५ अंशांत ही गाडी काय करते, आपल्या रस्त्यांवर काय तुटतं, आणि घेण्याआधी नेमकं काय तपासायचं? याच किमतीत बीएमडब्ल्यू एम२ आणि एखादी निसान जीटी-आरही दिसते आहे, त्यांच्याबद्दलही सांगा.

बुटीबोरीचा_मेकॅनिकल

आधी इंजिन फुटण्याच्या भीतीचं बघू, कारण ती अर्धी खरी आणि अर्धी जुनी आहे.

वाचलेलं बहुतेक आयएमएस बेअरिंगबद्दलचं असणार. ९११ पाण्यावर थंड व्हायला लागली ती ९९६ पिढीपासून. त्या इंजिनात क्रँककडून कॅमकडे गती नेणारा एक मधला शाफ्ट होता आणि त्याचं एक बेअरिंग झिजून तुटायचं. ते तुटलं की टायमिंग जातं, व्हॉल्व पिस्टनवर आपटतात, इंजिन संपलं. २००९ च्या मॉडेलपासून कॅरेराला, म्हणजे साध्या ९११ ला, नवं इंजिन आलं, त्यात हा शाफ्टच नाही. तुझी ९९१ त्यानंतरची. ती भीती सोडून दे.

दुसरी गोष्ट २०१४ ची. ९९१ जीटी३, म्हणजे ९११ च्या रेसिंगकडे झुकणाऱ्या मॉडेलच्या, काही गाड्यांनी पेट घेतला, तेव्हा पोर्शने ७८५ गाड्या रस्त्यावरून थांबवायला सांगितल्या. कनेक्टिंग रॉडचा बोल्ट सैल होत होता. त्या सगळ्या गाड्यांची इंजिनं बदलली. पुढे त्याच इंजिनात कॅमखालचे, व्हॉल्व दाबणारे फॉलोअर झिजायला लागले, म्हणून कंपनीला त्या इंजिनाची वॉरंटी दहा वर्षांपर्यंत वाढवावी लागली. ९००० आरपीएमपर्यंत जाणारं इंजिन आहे ते. साध्या कॅरेराचं इंजिन निराळं, त्याला हा आजार नाही.

बीएमडब्ल्यूच्या २००७ ते २०१३ च्या एम३ मधल्या व्ही८ च्या रॉड बेअरिंगचं दुखणं जगजाहीर आहे. जाणकार मालक ती बेअरिंगं खराब व्हायची वाट न बघता आधीच बदलून घेतात. एम२ कॉम्पिटिशनमध्ये क्रँक हब (क्रँकच्या टोकावरचा, टायमिंगची चेन फिरवणारा भाग) सरकल्याच्या तक्रारी आहेत, पण त्या मुख्यतः रिमॅप करून, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून, टॉर्क वाढवलेल्या गाड्यांच्या. म्हणून एम२ बघशील तर रिमॅप झालेली सरळ सोडून दे, विकणारा कितीही म्हणो की "परत स्टॉक केली आहे".

९९१ ची नेहमीची दुखणी यापेक्षा बरीच साधी आहेत. पाण्याचा पंप गळतो. व्हॅक्यूमवर चालणारी कूलंटची झडप जाते. टायमिंग कव्हरच्या कडेने तेल पाझरतं. इग्निशन कॉइल उन्हाने तडकतात. शिवाय पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जात असल्यामुळे इनटेक व्हॉल्व पेट्रोलने धुतले जात नाहीत आणि त्यांच्यावर काजळी बसते. ती काढायला अक्रोडाच्या टरफलांचा भुसा हवेच्या दाबाने मारतात. टरफल काजळी खरवडतं, पण धातूला ओरखडा पाडत नाही. हे सगळं खर्चिक आहे, पण यातल्या कशानेही इंजिन संपत नाही, वेळेवर लक्ष गेलं तर.

रामदासपेठ_९५

जमलं तर २०१६ च्या आधीची घे, विनाटर्बो. ३.४ किंवा ३.८ लिटर. त्यानंतर सगळ्या कॅरेरा ३ लिटर ट्विन टर्बो झाल्या. वेगाला जास्त आहेत, पण टर्बो म्हणजे उष्णता, आणि ती आपल्याकडे आधीच पुरेशी आहे.

बुटीबोरीचा_मेकॅनिकल

रामदासपेठ, हे पूर्ण बरोबर नाही, जरा आकडा मांडून बघू.

इंजिनातलं पाणी १०५ अंशांवर आहे समज. पोर्शच्या गावी, स्टुटगार्टला, बाहेर २० अंश, म्हणजे फरक ८५. नागपूरला मे महिन्यात ४५, फरक ६०. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकणार हे या फरकावर ठरतं. म्हणजे तोच रेडिएटर, तोच पंखा, पण इथे त्याची ताकद जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी. हे टर्बो असो वा नसो, दोघांनाही लागू. २०१३ च्या मे महिन्यात तर आपल्याकडे ४७.९ ची नोंद झाली होती.

हवाही पातळ होते. २० अंशांच्या तुलनेत ४५ अंशांच्या हवेत साधारण ८ टक्के कमी ऑक्सिजन. विनाटर्बो इंजिनाची ताकद तेवढी सरळ उतरते. टर्बो ती भरून काढतो, पण दाबलेली हवा आणखी तापते. मग नॉक सेन्सर ठोके ऐकून इग्निशन मागे घेतो आणि गाडी सुस्त वाटते. ते बिघाड नाही, इंजिन स्वतःला वाचवत असतं. लोक घाबरून स्पार्क प्लग बदलतात आणि संध्याकाळी गाडी आपोआप बरी होते.

टर्बोला एकच पथ्य. जोरात चालवून आलास तर शेवटचे चार-पाच किलोमीटर हळू ये. बंद केल्यावर मागचा पंखा आणि पाण्याचा पंप काही मिनिटं चालतो, तो चालू असताना कव्हर टाकू नको.

हिंगणा_रोड_गॅरेज

भाऊ, इंजिनाचं साहेबांनी सांगितलं, मी पाण्याचं अन् पाल्याचं सांगतो. बत्तीस वर्षं झाली गाड्या खोलून, त्यातली शेवटची दहा-अकरा वर्षं इंपोर्टेड.

९११ चं इंजिन मागं हाय, पण रेडिएटर समोर, बंपरच्या दोन्ही कोपऱ्यात. तिथं हवा घ्याले मोठी तोंडं देल्ली हायेत. आपल्याकडं कडुनिंबाचा पाला, गुलमोहराच्या पाकळ्या, चिंचेची बारीक पानं, सगळं त्या तोंडातून आत जाऊन बसते. पावसात भिजते, कुजते, अन् एसीच्या कंडेन्सरले खात जाते. वरून काईच दिसत नाई. मालक म्हणते एसी कमी झाला, गॅस भरून द्या. गॅस भरला की पंधरा दिवसांत परत आला. बंपर काढून पाह्यलं तं ओंजळभर माती निंघते.

दर वर्षी होळीच्या आधी बंपर उतरवून साफ करून घे. मऊ ब्रश अन् साधी पाण्याची नळी. प्रेशर वॉशर मारशील तं जाळीच्या पात्या वाकतील, मंग हवा जाणार कुठून?

कूलंटमंदी बोअरचं पाणी कोणाले टाकू देऊ नको. क्षार आत बसते. डिस्टिल्ड वॉटर अन् कंपनीनं सांगितलेलं कूलंट, निम्मं-निम्मं. अन् या गाडीत पाणी बदलाचं असंन तं व्हॅक्यूमनं भरणारं यंत्र लागते, नाईतर हवा अडकते. ज्याच्याकडं ते यंत्र नाई त्याच्याकडं पाणी बदलू नको, मंग तो माणूस कितीही चांगला असो.

प्लॅस्टिकचं ध्यानात ठेव. पाण्याचे जोड, थर्मोस्टॅटचं घर, टाकीचं झाकण. उन्हानं प्लॅस्टिक कडक होते अन् हात लावला की मोडते. दहा वर्षांची गाडी घेऊन राहिला तं पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट अन् जोड एकाच वेळी बदलून टाक. मजुरी एकदाच लागते.

फुटाळ्याची_पहाट

काका, मेकॅनिकल, मनापासून आभार. हे वाचूनच अर्धी धाकधूक कमी झाली.

सध्या दोन गाड्या नजरेत आहेत, दोन्ही २०१३ च्या. एक परराज्यातल्या विक्रेत्याकडे, फक्त ९००० किलोमीटर, आतलं चामडं नव्यासारखं. दुसरी मुंबईतल्या एका मालकाची, ४६,००० किलोमीटर, फाईल जाडजूड, पण समोर दगडाचे टवके आहेत. पहिली सात लाखांनी महाग. मन पहिलीकडे ओढतंय.

मानेवाडा_रायडर

नऊ हजारवालीच घे भाऊ. दहा वर्षांत नऊ हजार म्हणजे गाडी नवीनच. अशी परत मिळणार नाही.

सिव्हिल_लाईन्स_डॉक्टर

दादा, माझं मत उलट आहे, आणि ते माझ्या स्वतःच्या गाडीतून आलं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

माझ्याकडे सहा वर्षांपासून एक दोनआसनी जर्मन स्पोर्ट्स कार आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही. पहिली दोन वर्षं मी तिला जपलं, म्हणजे चालवलंच नाही. ऊन आहे, नको. पाऊस आहे, नको. रविवारी सेमिनरी हिल्सपर्यंत जायचं आणि परत. त्या दोन वर्षांत तिने मला जितकं रडवलं तितकं पुढच्या चार वर्षांत नाही.

आई अमरावतीला आजारी होती, तीन महिने गाडी उभी राहिली. परत आल्यावर सेल घेतला तर डॅशबोर्डवर एकामागून एक इशारे. सस्पेन्शन, स्टिअरिंग, गिअरबॉक्स, एअरबॅग. फ्लॅटबेड ट्रकवर चढवून दुसऱ्या शहरातल्या वर्कशॉपला पाठवली. तिथे सस्पेन्शनचा कंट्रोल मॉड्यूल गेल्याचं सांगून काही लाखांचं कोटेशन दिलं. मी हो म्हणणार होते. ओळखीच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनने फोनवर विचारलं, "मॅडम, बॅटरीचं व्होल्टेज किती आहे?" ते कोणी मोजलंच नव्हतं. नवीन बॅटरी टाकली, फॉल्ट पुसले, एकही परत आला नाही.

या गाड्यांमध्ये झोपलेल्या अवस्थेतही बरेच कॉम्प्युटर थोडाथोडा करंट पीत असतात. व्होल्टेज उतरलं की प्रत्येक मॉड्यूल शेजाऱ्यावर आळ घेतं. त्या दिवसापासून माझ्या पार्किंगमध्ये बॅटरी मेंटेनर कायम लावलेला असतो.

उभ्या गाडीचं एवढंच होत नाही. टायर एका जागी चपटे होतात. डिस्कवर गंज चढतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, ते गाडी चालो न चालो दर दोन वर्षांनी बदलायचंच. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढतं, त्यामुळे अर्धी रिकामी टाकी पावसाळाभर ठेवणं वाईट. सील तेलाविना सुकतात. आणि उंदीर. माझ्या गाडीची ऑक्सिजन सेन्सरची वायर त्यांनी दोनदा कुरतडली, दोन्ही वेळा गाडी दहा दिवसांहून जास्त उभी होती.

सगळ्यात फसवी असते छोटी फेरी. धरमपेठ ते सीताबर्डी, तीन किलोमीटर. काट्यावर पाणी गरम दिसतं, पण तेल अजून गार असतं. तेलात उतरलेलं पेट्रोल आणि बाष्प उडून जायला तेल ९० अंशांवर काही वेळ राहावं लागतं. दहा वर्षांत ९००० किलोमीटर गेलेली गाडी अशाच फेऱ्यांवर गेली असेल तर तिचं तेल कधी धड तापलंच नाही. मी आता दर आठवड्याला आऊटर रिंग रोडवर पाऊण तास काढते, सकाळी सहाला. चार वर्षांत झालेला खर्च म्हणजे सर्व्हिस, एक पाण्याचा पंप, टायर आणि ब्रेक पॅड.

दादा, ४६,००० वाली बघा.

मानेवाडा_रायडर

ताई, पटलं. माझा अनुभव बाईकचा आहे, तिथेही गोष्ट अशीच आहे, पण गाडीला मी ती लावून पाहिली नव्हती. सल्ला मागे घेतो.

कळमना_ते_कोराडी

कोराडी-खापरखेड्याच्या बाजूला राहणाऱ्यांसाठी एक भर घालतो. आमच्याकडे हवेत राख असते, त्यात सिमेंट रोडची पांढरी धूळ. एअर फिल्टर पुस्तकात सांगितल्याच्या निम्म्या अंतराला बदला. शक्य असेल तर तेल बदलताना थोडं जुनं तेल लॅबला पाठवा. त्यात सिलिकॉन जास्त आलं तर फिल्टरच्या कडेने धूळ आत जाते आहे. तांबं किंवा शिसं वाढत गेलं तर बेअरिंग झिजताहेत. एकाच रिपोर्टवरून काही ठरवू नका, दोन-तीन वेळचे आकडे शेजारी ठेवून बघा. सेकंडहँड गाडीबद्दल इतकी खरी माहिती कमी पैशांत दुसरीकडून मिळत नाही.

फुटाळ्याची_पहाट

डॉक्टर ताई, तुमचा प्रतिसाद घरी मोठ्याने वाचून दाखवला. बॅटरीचा भाग ऐकून सौ. म्हणाली, "मग आधी तो इलेक्ट्रिशियन शोधा, गाडी नंतर."

पीडीके, म्हणजे पोर्शच्या ड्युअल क्लच गिअरबॉक्सचं विचारायचं होतं. बर्डीच्या ट्रॅफिकमध्ये ड्युअल क्लच जळतो असं ऐकलं.

बुटीबोरीचा_मेकॅनिकल

ड्युअल क्लच आतून दोन मॅन्युअल गिअरबॉक्ससारखा असतो, फरक इतकाच की क्लच कॉम्प्युटर दाबतो. ऑटोमॅटिक म्हणून लोक ब्रेक अर्धा सोडून गाडी इंच-इंच सरकवतात. त्या वेळी क्लच घसरत असतो, मॅन्युअलमध्ये अर्ध्या क्लचवर उभं राहावं तसा. पीडीकेचे क्लच तेलात बुडालेले असतात, त्यामुळे लगेच जळत नाहीत, पण ४५ अंशांत ते तेल तापतं. समोर दोन गाड्यांची जागा होऊ दे, मग पुढे जा, मग पूर्ण थांब. व्हेरायटी चौकात मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू दे.

पीडीके एकूण दणकट आहे. अडचण आली तर बहुधा आतल्या सेन्सरची येते. पूर्वी त्यासाठी अख्खा गिअरबॉक्स बदलायला सांगत, आता आतला भाग वेगळा बदलता येतो. कोटेशन आलं तर हे नक्की विचार.

जीटी-आरचं म्हणशील तर तिचा गिअरबॉक्स मागच्या ॲक्सलवर बसतो, फार हुशार रचना आहे. पण सुरुवातीच्या वर्षांत लाँच कंट्रोल (उभ्या गाडीला पूर्ण ताकदीने सुटायला लावणारी सोय) वापरून लोकांनी ते फोडले आणि वॉरंटीवरून मोठा वाद झाला. निसानने पुढे सॉफ्टवेअर बदललं. ३.८ लिटरचं व्ही६ इंजिन मात्र लोखंड आहे. भारतात ती अधिकृतपणे २०१६ ला आली, फार थोड्या विकल्या गेल्या, आणि २०२५ मध्ये तिचं उत्पादन संपलं. नागपुरात बसून तिचा एखादा सोलेनॉइड मागवायचा म्हणजे किती दिवस जातील, याचा विचार कर. गाडी कमी बिघडते का, एवढंच पाहून भागत नाही. बिघडल्यावर किती दिवसांत उभी राहते, तेही टिकाऊपणातच धर.

अंबाझरी_लेआऊट

बेसमेंट पार्किंग वाचलं म्हणून लिहितोय. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवा. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी घराघरांत शिरलं. आमच्या इमारतीच्या बेसमेंटमध्ये पाणी किती वेगाने चढलं ते शब्दांत सांगता येणार नाही. माझी गाडी साधी होती, तरी तिच्यासाठी मी रडलो.

दोन गोष्टी करा. जुलै ते सप्टेंबर गाडी बेसमेंटमध्ये न ठेवता उंचावरची जागा भाड्याने घ्या. आणि विमा घेताना इंजिन प्रोटेक्शन जोडून घ्या. पाणी ओढून इंजिन अडकलं तर साध्या विम्यात ते सहसा बसत नाही. गाडी पाण्यात असेल तर काही झालं तरी सेल मारू नका. पाणी दबत नाही, रॉड वाकतो.

फुटाळ्याची_पहाट

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या गल्लीतही त्या दिवशी पाणी होतं. वरच्या मजल्यावरच्या काकांची ओसरीची जागा रिकामी असते, त्यांच्याशी बोलतो.

शिवमडका_टोल

समृद्धीवर नेणार असाल तर टायरबद्दल थोडं.

७०१ किलोमीटर, कारला १२० ची मर्यादा, रस्ता जवळजवळ सगळा काँक्रीटचा. दुपारी तीनला त्या काँक्रीटवर हात ठेवून बघा, टेकवत नाही. एकाच वेगाने तासन्‌तास गेलं की टायर गार व्हायला सवडच मिळत नाही. हवेचं तापमान दर १० अंशांनी वाढलं की दाब साधारण दीड पीएसआयने चढतो. पण म्हणून आधीच हवा कमी भरू नका, ही चूक फार लोक करतात. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त वळवळतो आणि त्यानेच जास्त तापतो. सकाळी टायर गार असताना, पुस्तकात दिलेल्या आकड्याइतकी भरा.

दुसरं, वय. स्पोर्ट्स कारचा टायर नक्षी झिजून कमी आणि म्हातारा होऊन जास्त मरतो. बाजूला चार आकडी कोड असतो, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. जुन्या टायरची नक्षी कितीही छान दिसो, समृद्धीवर नेऊ नका. ९११ मध्ये स्टेपनी नसते, पंप आणि सीलंटची बाटली असते. त्या बाटलीलाही मुदत असते. सेकंडहँड गाडीत ती बहुतेक वेळा उलटून गेलेली सापडते.

हिंगणा_रोड_गॅरेज

बरोबर बोलले. अन् भाऊ, गतिरोधकाचं सांगाचं राह्यलं. आपल्याकडं सिमेंट रोड उंच अन् गल्ली खाली, तिथं नाक घासते. नाक उचलणारं लिफ्ट असलेली गाडी भेटली तं थोडे जास्त पैसे देजो, पण तेच घेजो. पोटाखाली प्लॅस्टिकचे पत्रे असतात, ते तुटले की हवेची वाट बदलते अन् थंड होणारे भाग थंड होत नाईत. तुटला पत्रा तारेनं बांधून चालवू नको.

मिहान_डायग्नोस्टिक

तपासणीबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

पोर्शच्या इंजिन कॉम्प्युटरमध्ये दोन गोष्टी साठवलेल्या असतात. एक, इंजिन किती तास चाललं. दुसरी, मर्यादेबाहेरच्या आरपीएमला ते किती वेळा आणि कोणत्या तासाला गेलं, सहा टप्प्यांमध्ये. मॅन्युअल गाडीत चुकून खालचा गिअर पडला तर वरचे टप्पे भरतात आणि ते डोळे उघडून बघायचे. पीडीकेत ते जवळजवळ रिकामेच असायला हवेत.

तासांची गंमत अशी की किलोमीटरला तासांनी भागलं की सरासरी वेग निघतो. शहरात वापरलेली गाडी पंचवीस-तीसच्या आसपास येते, हायवेवरची चाळीस-पन्नास. फारच विचित्र आकडा आला तर मीटरशी खेळ झाला आहे. दोन्ही गाड्यांचे रिपोर्ट मागवा. जो देत नाही त्याच्याकडून घेऊ नका. शिवाय बोअरस्कोपने, म्हणजे आत घालायच्या बारीक कॅमेऱ्याने, सिलिंडरच्या भिंती बघून घ्या आणि पंप, टायमिंग कव्हर खालून बघा. गाडी थंड असताना पहिल्यांदा सुरू होताना स्वतः हजर राहा. आधीच गरम करून ठेवलेली गाडी दाखवली तर दुसऱ्या दिवशी परत जा.

फुटाळ्याची_पहाट

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय.

९००० वालीचा रिपोर्ट विक्रेत्याने आधी दिला नाही. मी ॲडव्हान्स रोखला तेव्हा आला. इंजिनाचे तास ११५०. भागाकार केला, सरासरी ताशी आठ किलोमीटरही भरत नाही. इतक्या हळू तर माणूस सायकलवरही जात नाही. विक्रेत्याला विचारलं, त्याने फोन ठेवला. सात लाख जास्त देऊन मी ती घेणार होतो.

मग मुंबईला गेलो. ४६,००० वालीचे तास १२४०, म्हणजे सरासरी ३७. मालक निवृत्त गृहस्थ, दर रविवारी लोणावळ्याला नाश्त्याला जायचे. फाईलमध्ये तेलाची प्रत्येक पावती, २०२१ मध्ये पाण्याचा पंप बदललेला, ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी. सकाळी सात वाजता थंड इंजिन माझ्यासमोर सुरू केलं. बंपर त्यांनी स्वतः सांगून काढायला लावला; आत पाला होता, पण कंडेन्सर शाबूत. सिलिंडर स्वच्छ. टायमिंग कव्हरजवळ थोडा ओलावा आहे, तेवढे पैसे त्यांनी कमी केले.

जाताना त्यांनी बॅटरी मेंटेनर स्वतःहून डिकीत ठेवला, म्हणजे समोरच्या. म्हणाले, याच्याशिवाय नेऊ नका.

सौदा ठरला. एनओसी आली की एमएच-३१ चा नंबर. वरच्या काकांची ओसरी पावसाळ्यापुरती मिळाली आहे, आणि डॉक्टर ताईंनी पाठवलेल्या इलेक्ट्रिशियनशी बोलणंही झालं. आता पुढच्या शनिवारी पहाटे निघून समृद्धीने स्वतः चालवत आणायचं मनात आहे.

सिव्हिल_लाईन्स_डॉक्टर

अभिनंदन दादा! फार आनंद झाला. पहिल्या रविवारी सकाळी सहाला रिंग रोडवर या, वहिनींनाही आणा. नंतर तर्री पोहे माझ्याकडून.

हिंगणा_रोड_गॅरेज

चांगलं झालं राजा. पाह्यलं तू, नीट पाह्यलं. पण टायरचा कोड नाई लिहिला तू.

फुटाळ्याची_पहाट

फोटो बघून सांगतो काका. समोरचे २३२२. मागचे ०९१७.

हिंगणा_रोड_गॅरेज

मागचे मुंबईतच बदल. मंग निंघ.